दगडाची आणि लाकडाची वाढण्याची फळी

जात्याचा खुंटा भर पावसाळ्यात घट्ट बसतो आणि चैत्र-वैशाखात सैल होतो, ही गोष्ट ज्या घरात जाते फिरत असे त्या घरातील स्त्रियांस कोणी शिकवावी लागत नसे. खुंटा हलू लागला की त्याला चिंधी गुंडाळावयाची, वरवंट्याने दोन ठोके द्यावयाचे आणि दळण पुढे चालू करावयाचे. दगड आणि लाकूड यांस एकत्र बांधावयाचे झाल्यास जे शास्त्र ठाऊक असावे लागते, ते सारे या खुंट्यात सामावलेले आहे. पण जाती माळ्यावर गेली आणि त्यांबरोबर ही साधी जाणीवही मावळत चालली. तिची आठवण करून देण्याचे कारण असे की, दगड व लाकूड यांस जोडणारी एक नवी वस्तू हल्ली पुष्कळ घरांत दिसू लागली आहे आणि ती स्वतः करून पाहण्याची हौसही अनेकांस वाटते.

ही वस्तू म्हणजे वाढण्याची फळी. एक लाकडी फळी घ्यावयाची आणि तिच्या मध्यभागी दगडाचा गुळगुळीत तुकडा बसवावयाचा, एवढेच तिचे स्वरूप. पंगतीत चटण्या-कोशिंबिरींच्या वाट्या तिजवर मांडून फिरविता येतात. उन्हाळ्यात थंड केलेल्या दगडावर लोण्याचा गोळा किंवा श्रीखंडाचे भांडे ठेवता येते, आणि चुलीवरून उतरलेले पातेले टेबलावर आणावयाचे असेल तर दगड ते सोसतो. लाकडाप्रमाणे त्यावर काळा डाग उमटत नाही. दुकानात अशी फळी बरीच महाग पडते. वास्तविक तिला लागणारा माल थोडा आणि काम दोन-तीन सुट्यांच्या दिवसांचे. तरीही घरी केलेल्या अशा फळ्यांपैकी पुष्कळशा वर्षाच्या आत फाटतात.

ते कसे घडते पाहा. एखादा हौशी गृहस्थ श्रावणात काम हाती घेतो. गौरी-गणपतीला पाहुणे यावयाचे असतात, म्हणून घाईही असते. तो सागवानी फळीत दगडाच्या मापाची खोबण कोरतो, दगड इतका नेमका बसवितो की मध्ये कागदसुद्धा जाऊ नये, आणि वर भक्कम गोंदही लावतो. येणारे-जाणारे कारागिरीची वाखाणणी करतात. दिवाळी जाते, थंडी सरते, आणि होळीच्या सुमारास एके रात्री स्वयंपाकघरातून ‘टच्’ असा आवाज येतो. सकाळी पाहावे तो फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी भेग गेलेली. मग कोणी लाकडाला नावे ठेवतो, कोणी गोंदाला. आणि घरातील एखादी आजी दृष्ट लागली असे म्हणून मोकळी होते. लाकूडही चांगले असते आणि गोंदही. चुकलेली असते ती दोहोंमधील जागा.

लाकूड हे तोडल्यानंतरही हवेशी आपला व्यवहार बंद करीत नाही. हवा दमट झाली की ते ओलावा पिते आणि रुंदीने वाढते. हवा कोरडी झाली की ओलावा सोडते आणि आकसते. आषाढात दार चौकटीत अडकते आणि माघात तेच दार आपोआप उघडते, याचे कारण हेच. आपल्याकडील घरांत उन्हाळ्यात लाकडातील ओलावा वजनाच्या सुमारे नऊ-दहा टक्के असतो, तर पावसाळ्याच्या ऐन भरात तो पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढतो. हा फरक दिसावयास लहान आहे, परंतु त्याचा परिणाम मोजता येतो. साग हा या बाबतीत अत्यंत शांत स्वभावाचा वृक्ष समजला जातो. तरीसुद्धा ओला साग पूर्ण सुकेपर्यंत, वर्षवलयांच्या रोखाने मोजल्यास, सुमारे ५.८ टक्के आकसतो. खोडाच्या मध्यापासून सालीकडे मोजल्यास सुमारे २.५ टक्के. या हिशेबाने दहा इंच रुंदीची सागवानी फळी पावसाळा आणि उन्हाळा यांच्या दरम्यान जवळजवळ इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुतारांच्या भाषेत एक सूत, रुंद-अरुंद होते. इतर बहुतेक लाकडे याहून अधिक हलतात.

लांबीच्या बाबतीत मात्र गोष्ट निराळी आहे. लाकडाचे तंतू ज्या दिशेने धावतात त्या दिशेने ते इतके थोडे वाढते की घरगुती कामात ते हिशेबात धरावयास नको. हलते ती रुंदी. लांबी स्वस्थ असते. हे वाक्य ध्यानात राहिले तर पुढील सर्व कृती आपोआप समजेल.

आता दगडाकडे पाहावे. पावसाळा-उन्हाळ्याने दगडाच्या मापात जो बदल होतो तो डोळ्यांस दिसणारा नव्हेच. एक फूट लांबीचा दगड वीस अंश सेल्सियसने तापला तर तो जेवढा वाढेल तेवढी आपल्या केसाचीही जाडी भरणार नाही. म्हणजे एक वस्तू वर्षभर हलणारी आणि दुसरी मुळीच न हलणारी, अशी ही जोडी आहे.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. लाकूड फुगते म्हणून दगडाला आवळते, आणि पावसाळ्यात फळीला धोका असतो, असे पुष्कळांस वाटते. खरा प्रकार याच्या अगदी उलट आहे. फळी फुगली म्हणजे तिच्यात कोरलेली खोबणही तिच्याबरोबर रुंद होते. दगड सैल होतो. फळी आकसली म्हणजे खोबणही आकसते आणि दगडाला चिमटा बसतो. दगड मागे सरत नाही, लाकडाला तर आकसल्यावाचून राहवत नाही. तेव्हा लाकूड तंतूंच्या रेषेत फाटते. याच रेषेत लाकूड सर्वांत दुबळे असते, हे सरपण फोडणाऱ्यास सांगावयास नको. म्हणून श्रावणात घट्ट बसविलेली फळी फाल्गुनात फाटते, आणि वैशाखात घट्ट बसविलेली फळी श्रावणात फार तर खुळखुळते.

जात्याचा खुंटा याच्या नेमका उलट वागतो, कारण तेथे लाकूड दगडाच्या आत आहे. आतले लाकूड फुगले की घट्ट होते, सुकले की सैल पडते. बैलगाडीच्या चाकाचीही तीच जात. लाकडी चाकावर लोखंडाची धाव तापवून चढवितात. उन्हाळ्यात लाकूड आकसले म्हणजे ती धाव खडखडू लागते, आणि मग गाडीवान चाके नदीच्या पाण्यात भिजत ठेवतो. आत असलेल्या लाकडाच्या फुगण्याचे सामर्थ्य किती असते हे पाहावयाचे असेल तर जुन्या पाथरवटांची युक्ती आठवावी. दगडात ओळीने भोके पाडून त्यांत कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकावयाच्या आणि त्यांवर पाणी ओतीत राहावयाचे. लाकूड फुगून दगडाला चीर पडे. सुरुंग आणि यंत्रे येण्यापूर्वी अनेक देशांत खाणकामाची ही रीत होती. दगडाला फोडणारे हेच लाकूड दगडाभोवती गुंडाळले की स्वतः फुटते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

एवढे समजल्यावर सामानाची निवड करावयास हरकत नाही. प्रथम दगड घ्यावा, कारण लाकडाचे माप दगडावरून ठरवावयाचे असते.

महाराष्ट्रातील जुन्या घरांतून जी शहाबादी फरशी दिसते ती कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या परिसरातून येते. स्वयंपाकाच्या ओट्यावर जो काळा कडप्पा घालीत, तो आंध्रातील कडप्पा भागातला. राजस्थानची कोटा फरशी हिरवट असते, आणि मकराण्याचा पांढरा संगमरवर तर ताजमहालामुळे सर्वांस माहीत आहे. रंगाने आणि किमतीने हे दगड परस्परांपासून कितीही भिन्न असले तरी मुळात ते सारे एकाच कुळातले, चुन्याच्या कुळातले. आणि चुन्याच्या दगडाला आंबट पदार्थाचे वावडे आहे. आंबट रसातील आम्ल चुन्याच्या अंशाशी संयोग पावते, त्यातून वायू निघून जातो आणि दगडाचा पृष्ठभाग खाल्ला जातो. संगमरवरावर लिंबाची फोड थोडा वेळ राहिली तरी तेथील तकाकी जाते, आणि गेलेली तकाकी पुसून परत येत नाही; पुन्हा घोटावी लागते. परदेशातील सचित्र पुस्तकांतून संगमरवरावर पनीराचे तुकडे आणि द्राक्षे मांडलेली दिसतात. तेथे ते शोभतेही. मराठी पानाची गोष्ट वेगळी आहे. डावीकडे लिंबू आणि लोणचे, कोशिंबिरीत दही, आमटीत चिंच किंवा आमसूल, शेवटी सोलकढी. असे आंबटाने वेढलेले पान ज्या घरात वाढले जाते, त्या घराने चुन्याचा दगड घेताना दोनदा विचार करावा. शिवाय हे दगड तेल आणि हळद शोषून घेतात, आणि हळदीचा डाग म्हणजे काय हे ज्याने पांढरे धोतर नेसून जेवण वाढले आहे त्याला ठाऊक आहे.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण या कामी अधिक चांगला. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्याच पाषाणात वेरूळचे कैलास लेणे कोरलेले आहे, आणि आपले पाटे, वरवंटे आणि जातीही त्याचीच. चिंचेच्या चटण्या पिढ्यान्‌पिढ्या वाटूनही पाट्याचे काही बिघडत नाही, यावरून त्याची सहनशक्ती कळते. मात्र त्यात पुष्कळदा बारीक छिद्रे असतात. अशा छिद्रांत अन्न अडकते, म्हणून भरीव तुकडा पाहून घ्यावा. ग्रॅनाइट हाही असाच न खंगणारा. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा खरा ग्रॅनाइट नसून आपल्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद असतो. नावाने तो फसवितो, कामाने फसवीत नाही.

अशा दगडाचा तुकडा विकत घेण्याची गरज क्वचितच पडते. नव्या ओट्यात बेसिन बसविण्यासाठी जो चौकोन कापून काढतात, तो फरशीवाल्याच्या अंगणात पडून असतो. त्यातून दहा इंच लांब आणि सात इंच रुंद असा तुकडा यंत्रावर कापून मागावा. जाडी पाच सुतांच्या आसपास असते. दगड कोणत्या कुळातला याची शंका असल्यास खालच्या बाजूच्या कोपऱ्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवावी. सकाळी तेथे फिकट, खरबरीत डाग दिसला तर तो चुन्याचा. तुकडा आधीच घरात असेल आणि चुन्याचा निघाला, तर फेकू नये. कोरडे पदार्थ, फळे, पोळ्यांचा डबा यांसाठी तो उत्तम आहे.

कापलेल्या कडा सुरीसारख्या धारदार असतात. त्या कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून घासाव्या आणि कोपरे बोटाला बोचणार नाहीत इतके गोल करावे. पाणी घालण्यात कंटाळा करू नये. दगडाची कोरडी धूळ छातीत जाते आणि तेथेच राहते. दगडफोड्यांच्या फुफ्फुसांचा जो असाध्य रोग आहे तो या धुळीनेच होतो.

लाकडासाठी साग सर्वांत निश्चिंत. कोकणात फणसाचे पाट होतात आणि ते टिकाऊ असतात; शिवणीचे लाकूड हलके आणि फारसे न वळणारे आहे. शिसव देखणी असली तरी जड आहे, आणि दगडाचे वजन मुळात असताना त्यात आणखी भर कशाला घालावी? बिबल्याचे लाकूड मात्र या कामी वापरू नये. त्याचे पेले करून त्यांत पाणी ठेवण्याची जुनी चाल आहे आणि त्या पाण्याला रंग चढतो. तोच रंग वाढण्याच्या फळीवरून दह्याच्या थेंबात उतरेल. पाडलेल्या वाड्याची जुनी तुळई किंवा दाराची फळी मिळाली तर भाग्यच समजावे, कारण ते लाकूड दोन-तीन पिढ्या वाळलेले असते. परंतु तिच्यातील खिळे शोधून काढावे, आणि जुना रंग असेल तर त्यात शिसे असण्याचा संभव असल्याने रंगलेला भाग अन्नाच्या फळीसाठी घेऊ नये. नवे लाकूड असेल तर इंचाच्या जाडीस एक वर्ष वाळवण, असा सुतारांचा ठोकताळा आहे. वाळलेले लाकूडही वखारीतून आणल्याबरोबर कापू नये. ज्या घरात फळी नांदावयाची त्याच घरात ते तीन-चार आठवडे ठेवावे.

फळीच्या टोकाकडे पाहिले म्हणजे वर्षवलयांच्या रेषा दिसतात. त्या शक्य तितक्या उभ्या असलेला तुकडा निवडावा. तशी फळी आडव्या रेषांच्या फळीच्या निम्म्यानेच हलते आणि पन्हळीसारखी वळतही नाही. फळी वळली तर तिच्यावरचा दगड डुगडुगतो, आणि डुगडुगणाऱ्या दगडावर आमटीचे पातेले ठेवण्याचे धाडस कोणीही करणार नाही.

आता प्रत्यक्ष रचना. खोबण कोरून दगड बसविणे हे मुरलेल्या सुताराचे काम आहे. पटाशीने तळ सपाट करणे दिसते तितके सोपे नाही. हौशी माणसाने खोबण कोरूच नये. पट्ट्या लावून ती निर्माण करावी. तळाची फळी सोळा इंच लांब, दहा इंचांहून एक सूत अधिक रुंद आणि पाऊण इंच जाड असावी. तंतू लांबीच्या दिशेने. तिच्यावर दोन्ही लांब कडांशी दीड इंच रुंद आणि अर्धा इंच उंच अशा दोन पट्ट्या चिकटवावयाच्या. त्याही सोळा इंच लांब आणि त्यांचेही तंतू लांबीच्या दिशेने, म्हणजे तळ आणि पट्टी बरोबरच हलतात आणि त्यांच्यात भांडण होत नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये दगड राहतो. एक पट्टी अगोदर चिकटवून वाळू द्यावी. मग दगड तिच्याशी टेकवून दुसऱ्या बाजूस पुठ्ठ्याच्या घड्या घालाव्या आणि त्यांना लागून दुसरी पट्टी बसवावी. गोंद पाण्याला दाद न देणारा हवा. जुना सरस पावसाळ्यात सुटतो. गोंद वाळल्यावर पुठ्ठा काढून घ्यावा. राहिलेली ती मोकळी जागा हा या साऱ्या कामाचा प्राण आहे.

ती किती ठेवावी हे ऋतूवर अवलंबून आहे. सात इंच अंतराच्या दोन पट्ट्या पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, फळी आडव्या रेषांची असल्यास, एकमेकींच्या जवळ सुमारे पाऊण सूत येतात. तेव्हा पावसाळ्यात काम केले तर पूर्ण एक सूत जागा ठेवावी. कडक उन्हाळ्यात केले तर अर्धे सूत पुरे, कारण त्याहून लाकूड आकसावयाचे फारसे उरलेले नसते. फळी रत्नागिरीस करून नागपूरला पाठवावयाची असेल तर पाहिजे त्याहून थोडे अधिकच ठेवावे. आणि मुलगी किंवा मुलगा थंड देशात राहावयास असून फळी त्यांच्याकडे भेट म्हणून जावयाची असेल, तर दीड सूत मोकळे सोडण्यास कचरू नये. तेथे हिवाळ्यात घरे आतून तापवितात आणि घरातील हवा आपल्या वैशाखाहून कोरडी होते. लाकडातील ओलावा पाच-सहा टक्क्यांवर उतरतो. मुंबईच्या दमट हवेत घट्ट बसविलेली, मोठ्या प्रेमाने पाठविलेली भेट पहिल्याच हिवाळ्यात तेथे दुभंगते, आणि पाठविणाऱ्याला ते पुष्कळदा कळविलेही जात नाही.

दगडाच्या दोन्ही टोकांस मात्र पट्टी लावू नये. आडवी पट्टी म्हणजे न हलणारी लांबी हलणाऱ्या रुंदीवर चिकटविणे. ती तळालाच फाडते. दगड पुढे-मागे सरकू नये म्हणून प्रत्येक टोकाशी दोन लाकडी खुंट्या पुरेत. गिरमिटाने तीन सुतांची भोके पाडून त्या बसवाव्या आणि दगडाच्या उंचीपेक्षा खाली कापाव्या. या दिशेने लाकूड हलत नसल्यामुळे खुंटी आणि दगड यांच्यामध्ये जाड कागदाएवढे अंतर राखले की झाले. प्रत्येक टोकास तीन इंच फळी मोकळी राहते; ती हाताने धरण्यासाठी.

दगड कशानेही चिकटवावयाचा नाही. काहींस हे अपुरे वाटेल, परंतु दगडाचे वजन दोन किलो असते. तो स्वतःच्या भारानेच जागेवर बसतो. त्याच्या खाली चार कोपऱ्यांशी बुचाच्या पातळ चकत्या ठेवल्या म्हणजे तो डुगडुगत नाही, खालून वारा खेळतो आणि तापलेल्या भांड्याची धग तळाच्या लाकडास कमी लागते. चकत्यांमुळे दगडाचा माथा पट्ट्यांच्या वर दीड-दोन सूत राहतो, आणि रुंद बुडाचे पातेलेही लाकडाला शिवत नाही. तळाच्या फळीला मध्यभागी इंचभर व्यासाचे आरपार भोक ठेवावे. खालून बोट घालून ढकलले की दगड वर येतो, नळाखाली धुता येतो, आणि त्याच्याखाली सांडलेले वरण आठवडाभर आंबत राहत नाही. फळीखाली चार लहान गोल पाय लावावे, म्हणजे उचलताना बोटे आत जातात. पायांऐवजी आडव्या दांड्या ठोकण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यांचा दोष टोकाच्या आडव्या पट्टीसारखाच आहे.

सैल दगडाचा आणखी एक लाभ उन्हाळ्यात मिळतो. दगड स्वतः थंडावा उत्पन्न करीत नाही. हाताला तो गार लागतो तो एवढ्यासाठी की लाकडाच्या मानाने सुमारे दसपट वेगाने तो हाताची ऊब ओढून घेतो. खरा थंडावा हवा असेल तर दगड तासभर फ्रिजमध्ये ठेवावा. दोन किलोचा तुकडा सुमारे ४०० मिलिलिटर पाण्याइतका थंडावा साठवितो. लोण्याला किंवा श्रीखंडाला जेवण होईतो तो पुरतो. उलटपक्षी, फ्रिजमधून काढलेल्या दगडावर उकळते पातेले ठेवू नये. अशा एकाएकी धक्क्याने चांगला दगडही तडकतो.

लाकडाला शेवटचा हात तेलाचा. रंधा मारून आणि काचकागदाने घासून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावे, उभे राहिलेले तंतू वाळल्यावर पुन्हा घासावे, आणि मग तेल लावावे. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल लावू नये. ही तेले सुकत नाहीत, चिकट राहतात आणि पुढे खवट होतात. जवसाचे खाण्याचे तेल हवेने घट्ट होऊन लाकडात मुरते. पातळ हात देऊन अर्ध्या तासाने उरलेले पुसून टाकावे, तीन-चार दिवस वाळू द्यावे, आणि असे तीन हात द्यावे. रंगाच्या दुकानात मिळणारे ‘उकळलेले’ जवसाचे तेल येथे चालणार नाही, कारण ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. वरची आणि खालची अशा दोन्ही बाजूंस सारखेच तेल पाजावे. एकच बाजू पाजली तर दुसरी बाजू हवेतील ओलावा घेत राहते आणि फळी वळते. शेवटी चार भाग तेलात एक भाग मधमाश्यांचे मेण गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवून चोळावे. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

दगडासह या फळीचे वजन साडेतीन किलोंहून अधिक भरते. तिच्यावर भरलेले पातेले असेल तर ती लहान मुलाच्या हाती देऊ नये, आणि मोठ्यांनीही एका हाताने उचलू नये. सैल दगड तिरप्या फळीवरून सुटला तर थेट पायावर येतो. धुताना दगड वेगळा आणि लाकूड वेगळे. लाकूड पाण्यात बुडवून ठेवावयाचे नाही. ओल्या फडक्याने पुसून उभे करून वाळवावे, उन्हात नव्हे, सावलीत.

पहिल्या वर्षी फळीवर थोडी नजर ठेवावी. माघ लागला की जाड कागदाची पट्टी दगड आणि लाकडी पट्टी यांच्या मधून फिरवून पाहावी. ती सुखाने फिरली तर काही करावयाचे नाही. कोठे अडकली, तर दगड काढून त्याची तेवढी कड कुरुंदावर पाणी घालून घासावी. चैत्रात पुन्हा एकदा पाहावे, कारण लाकडाचे आकसणे तोवर चालूच असते.